माकड आपलं कोण लागतं? आठ मीटर दोरी घेऊन पोरांना समजवायची पद्धत

आधी सामान सांगतो, म्हणजे वाचता वाचता गोळा करता येईल. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आठ मीटर, सुंभाची अजिबात घेऊ नका, मी पहिल्या वर्षी घेतली होती आणि सकाळच्या दंवात भिजून ती आखडली, सगळी मापं चुकली, पोरं हसली ती वेगळीच. सुतळीचा एक मोठा बंडल. कपड्यांचे चिमटे वीसएक. जुन्या साडीच्या चिंध्या, रंगीत असल्या तर बरं. गवंड्याकडचा टेप, खडू, आणि मुठीएवढा एक काळा दगड. दगड कशाला ते पुढं येतंय.

मी बेळगावच्या पश्चिमेला एका खेड्यात संध्याकाळच्या शिकवण्या घेतो. मराठी मीडियमची पोरं, पुस्तकं कर्नाटक बोर्डाची. उत्क्रांतीचा विषय निघाला की दरवर्षी कोणतरी एक जण हात वर करणार म्हणजे करणारच, "सर, आपण माकडापास्नं झालो तर देवळाजवळची माकडं अजून माणूस का होईनात?" आणि त्यात कन्नड मीडियमचा एखादा पोरगा येऊन बसलेला असला तर तो "मंगनिंद मानव", म्हणजे माकडापास्नं माणूस, म्हणून मोकळा होतोय. म्हणजे भाषा दोन पण घोटाळा एकच.

मी त्याला उलट विचारतो, तुझा चुलत भाऊ आहे न्हवं, त्याच्यापास्नं तू झालास काय? नाही. तुम्हा दोघांचा आजा एक. आजा गेला, शेत वाटलं गेलं, एका भावाचा वंश इथं राहिला, दुसऱ्याचा पुण्याला गेला, दोन्ही घरं आज आहेत. मग तुझा चुलत भाऊ "अजून तू का झाला नाही" असं विचारतो काय आपण? पोरांना भाऊबंदकी शिकवायला लागत नाही, आपल्याकडं प्रत्येक घराचा एक तरी दावा कोर्टात असतोच. माकड आपले वडील नव्हेत, आजोबाही नव्हेत, भाऊबंद. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं दोरी करते.

पण दोरीच्या आधी माकडं बघायला जायचं. हे टाळू नका, फळ्यावर कितीही चित्रं काढली तरी समोर बसलेल्या माकडाची सर येत नाही.

आपल्या भागात दोन जातीची दिसतात. एक तांबूस-करड्या रंगाचं, लाल-गुलाबी तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस, ते माकड, म्हणजे टोपीवालं माकड. दुसरं काळ्या तोंडाचं, उंच, लांबलचक शेपटीचं, कौलांवर उडी मारून महिन्याला दहा-वीस कौलं फोडणारं, ते वानर, आमच्याकडं वांदर. गोकाकचा धबधबा, सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, खानापूरचं जंगल, नाहीतर आंबोलीच्या बाजूला जाताना घाट, कुठंही जा. पोरांना वही पेन्सिल द्या आणि नुसतं बघायला सांगा: शेपटी किती, बोटांना नखं कसली, डोळे कुठं, खाताना काय करतंय.

खायला काही नेऊ नका. मी एकदा पोरांसाठी भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन गेलो होतो, पिशवी माझ्या हातात होती एवढंच आठवतंय, पुढच्या क्षणाला ती दगडावर होती आणि मोठा नर तिच्यावर. पण त्या दिवशी जे बघायला मिळालं ते नंतर कधी मिळालं नाही. तो सोलत नव्हता, चावत नव्हता, नुसत्या शेंगा तोंडात कोंबत होता, दोन्ही गाल सुजल्यासारखे फुगले, आणि मग झाडावर जाऊन निवांत बसला, हाताच्या मागच्या बाजूनं गाल दाबून एकेक शेंग परत पुढं आणायची, फोडायची, खायची. माकडाच्या गालात पिशव्या असतात, आधी लुटायचं मग खायचं अशी सोय. वांदराला ही पिशवी नसते. त्याचं पोट वेगळं, बरेच कप्पे असलेलं, गाई-म्हशीच्या धर्तीवर, म्हणून ते कडक पानं खाऊन पचवतं. दोघं एकाच डोंगरावर राहतात, पोरांना दोन्ही "माकडंच", पण यांच्या वाटा फुटून साधारण पावणेदोन कोटी वर्षं होऊन गेलीत. हा आकडा वहीत लिहून ठेवा, दोरीवर लागणार आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. जंगलात कुठं मेलेलं माकड किंवा वांदर दिसलं तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. माकडताप म्हणतात तो रोग, शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली पहिल्यांदा सापडला, अलीकडं दोडामार्ग-बांद्याकडंही रुग्ण निघालेत. तो गोचिडीतनं पसरतो, माकडंही त्यानं मरतात आणि माणसंही. नातं जवळचं असलं की रोगही वाटून घ्यावा लागतो, हे पोरांना मी तिथंच सांगतो, आणि पूर्ण पँट बूट घालूनच नेतो.

आता परत येऊन स्वतःचं अंग तपासायचं. याला काही सामान लागत नाही.

कमरेच्या खाली, अगदी टोकाला बोट लावा. काय लागतंय? माकडहाड. आपल्या आज्या-पणज्यांनी डार्विनचं नावही ऐकलेलं नव्हतं पण त्या हाडाला बरोबर हेच नाव चालत आलंय. तीन-चार छोटे मणके एकमेकांत चिकटलेले, बाकीच्यांच्यात जिथनं शेपटी सुरू होते तिथं. नंतर नखं बघा. कुत्र्या-मांजराची टोकदार आत वळलेली, आपली आणि माकडाची चपटी. बोटांच्या टोकावर रेषा, माकडालाही असतात. डोळे दोन्ही पुढं, म्हणजे फांदी किती लांब आहे ते बरोबर कळतं, ससा किंवा शेळीला बाजूला असतात, त्यांना मागनं कोण येतंय ते दिसतं पण अंतराचा अंदाज एवढा येत नाही. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते कसं गच्च धरतं, घरात बाळ असेल तर दाखवा.

मग पोरांना जांभळीच्या फांदीला लोंबकळायला सांगा. हा त्यांचा आवडता धडा. एका हातानं लोंबकळून अंग फिरवता येतं ना? माकड असं करत नाही, ते फांदीच्या वरनं चार पायांवर पळतं, त्याची छाती कुत्र्यासारखी अरुंद. आपला खांदा मात्र गोल फिरतो, छाती रुंद, हा खांदा आपल्याला गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांच्याबरोबर वाटून मिळालाय. या मंडळींना इंग्रजीत एप म्हणतात आणि मराठीत त्याला रुळलेला शब्दच नाही, कोण वानर म्हणतं, कोण कपी, आपल्याकडं वानर म्हटलं की कौलं फोडणारं डोळ्यांपुढं येतं त्यामुळं सगळा गोंधळ. मी सरळ "बिनशेपटे" म्हणतो. शेपटी नाही, खांदा फिरतो, ते बिनशेपटे. आपणही त्यातच. भारतात माणूस सोडून एकच बिनशेपटा जंगलात आहे, हुलॉक गिबन, आसामकडं, जोरहाटजवळ त्याच्यासाठी अभयारण्यच आहे. बाकीचे बघायचे तर शाळेची मैसूरची ट्रिप असतेच, तिथल्या झूमध्ये गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान तिन्ही आहेत, फक्त पोरांना राजवाड्यात जास्त वेळ घालवू देऊ नका.

आता दोरी. खळं असेल तर उत्तम, नाहीतर शाळेचं मैदान. जमिनीवर खडूनं एक लांब आडवी रेघ मारा, तिच्यावर लिहा "आज". दोरीचं एक टोक त्या रेघेवर, आणि दोरी सरळ मागं ताणा. माप असं: १ मीटर म्हणजे १ कोटी वर्षं. मग १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख, १ मिलिमीटर म्हणजे १० हजार. हे तीन आकडे पाठ करून घ्या, बाकी सगळं टेप सांगतो.

६ मीटर ६० सेंटिमीटरवर तो काळा दगड ठेवा. डायनासोर संपले ते इथं. आणि हा दगड मुद्दाम काळा, कारण आपल्या बेळगावच्या विहिरी खणताना जो काळा कातळ लागतो तो साधारण त्याच सुमारास ओतलेल्या लाव्ह्याचा, दख्खनच्या पठाराची दक्षिणेकडची कड आपल्या इथंच येऊन संपते. पोरगं ज्या दगडावर बसून शेंगा खातंय त्याच्या वयाएवढी ही सगळी गोष्ट आहे, हे त्याला कळलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

डायनासोर गेल्यावर झाडांवरची जागा रिकामी झाली आणि छोट्या छोट्या प्राण्यांना मोकळं रान मिळालं. साडेपाच मीटरच्या आसपास दोन चिमटे लावा, दोन्ही माकड-माणसांच्या मोठ्या कुळातल्या जुन्या प्राण्यांचे. एक चीनच्या हुबेई प्रांतात सापडलेल्या सांगाड्याचा, आर्किसेबस नाव, वजनाचा अंदाज २० ते ३० ग्रॅम, म्हणजे तुमच्या मुठीत बसेल आणि शेपटी बाहेर लोंबेल. दुसरा आपल्या गुजरातचा, सुरत जिल्ह्यात वस्तान म्हणून लिग्नाइटची खाण आहे तिथनं अशाच बारक्या प्राण्यांची हाडं निघाली, ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीची. पोरांना हे दोन्ही उंदरासारखे वाटणार, वाटू दे.

आता सुतळीच्या फांद्या बांधायच्या. इथं खरी मेख आहे, नीट वाचा. मुख्य दोरी म्हणजे आपली, माणसाची वाट. जिथं दुसरा भाऊबंद वेगळा झाला तिथं सुतळी गाठ मारून बांधायची, आणि तिचं दुसरं टोक बाजूला तिरकं नेत "आज"च्या रेघेपर्यंत आणायचं. प्रत्येक सुतळी रेघेपर्यंत आलीच पाहिजे. मध्येच सोडायची नाही.

सहा मीटरच्या थोडं पलीकडं पहिली गाठ, लेमर आणि लोरिस यांची. लोरिस आपल्या सह्याद्रीतही आहे, रात्री हिंडणारा, बशीएवढ्या डोळ्यांचा, कन्नडमध्ये त्याला काडुपापा म्हणतात, रानातलं बाळ, मला हे नाव फार आवडतं.

चार मीटरच्या अलीकडं-पलीकडं दुसरी गाठ, अमेरिकेतल्या माकडांची. यांचं मूळ आफ्रिकेत आणि आज ती दक्षिण अमेरिकेत, मध्ये समुद्र. महापुरात झाडंझुडपं मुळासकट उपटून जे तराफे वाहत जातात तसल्या एखाद्यावर बसून गेली असावीत असं अभ्यासक धरून चालतात, तेव्हा समुद्र आजच्याएवढा रुंद नव्हता. पावसाळ्यात घटप्रभेला पूर आल्यावर वाहत जाणाऱ्या ओंडक्यावर साप-उंदीर बसलेले आपली पोरं बघतात, त्यामुळं आमच्याकडं यावर कोणी शंका काढत नाही.

तीन मीटरवर इजिप्तच्या फायूमचं एजिप्टोपिथेकस, मुख्य दोरीवर चिमटा. मांजराएवढं, शेपटीवालं, आणि याच्या वेळेपर्यंत माकडं आणि बिनशेपटे वेगळे व्हायचे होते. आपला आणि टोपीवाल्या माकडाचा पूर्वज याच्यासारखा काहीतरी दिसत असेल, आजच्या माकडासारखाच हुबेहूब असेल असं समजू नका.

अडीच मीटरच्या जरा पलीकडं तिसरी गाठ, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. इथनं आपली सौंदत्तीची, गोकाकची माकडं आणि वांदरं यांची सुतळी निघते. टांझानियात २ कोटी ५२ लाख वर्षांपूर्वीचे एकाच भागातले दोन जीवाश्म सापडलेत, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, म्हणजे तोवर वाटणी होऊन गेली होती. या सुतळीवरच पावणेदोन मीटरला अजून एक गाठ मारून तिचे दोन फाटे करा, एक माकडाला, एक वांदराला. मघाचा आकडा इथं लागतो.

आता पोरांना रेघेवर उभं करा. एक जण माणसाच्या टोकावर, एक माकडाच्या, एक वांदराच्या, एक लोरिसच्या. आणि विचारा, कोण पुढं आहे? सगळे एकाच रेघेवर. माकडाची सुतळीही तेवढीच चालून आलीय, कुठं थांबलेली नाही. ते मागं राहिलेलं नाही, ते आपल्या वाटेनं माकड झालंय, आणि आपण आपल्या. मघाशी हात वर केलेल्या पोराला माकडाच्या टोकावर उभं करायचं आणि त्यालाच विचारायचं, तू माणूस का होईनास? गेल्या वर्षी एकानं उत्तर दिलं, "मी का होऊ, माझ्या गालात पिशवी हाय." मी त्या दिवशी पुढचं शिकवलंच नाही.

वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालत येणारं ते चित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं, टीशर्टावर, मोबाईल रिपेरीच्या दुकानावर, कुठंही. ते रुडॉल्फ झॅलिंगर नावाच्या चित्रकारानं १९६५ च्या सुमाराला काढलेल्या चित्रावरनं पसरलंय. चित्र सुंदर आहे पण रांग म्हटली की कोण पुढं कोण मागं हे आलंच. वर्गात लावलेलं असेल तर काढून ठेवा.

शेपटी कुठं गेली हे पोरं विचारणारच. तिसऱ्या गाठीनंतर, मुख्य दोरीवर, चिंपांझी-गोरिला-गिबन-आपण सगळ्यांच्या सामाईक पूर्वजात ती गेली. १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा एकेम्बो नावाचा प्राणी, केनियातला, संशोधक मेरी लीकींना १९४८ साली रुसिंगा बेटावर याच्या कुळातली प्रसिद्ध कवटी मिळाली, त्याला शेपटी नव्हती. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की टीबीएक्सटी नावाच्या जीनमध्ये डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन घुसलाय, तो बिनशेपट्यांत सगळ्यांच्यात आहे, माकडांत नाही, तसाच बदल उंदरात केला तर उंदीर आखूड शेपटीचे किंवा बिनशेपटीचे जन्मतात.

हे पुरावा म्हणून कसं चालतं ते समजवायला मी कॉपीचं उदाहरण देतो. दोन पोरांचे पेपर सारखे बरोबर असले तर कोण काही म्हणत नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. पण सातव्या गणितात दोघांनी तीच चूक त्याच ओळीत केली असेल तर? पोरं हसत हसत एकमेकाकडं बघतात, त्यांना बरोबर कळतं. व्हिटॅमिन सी चं तसंच आहे. शेळी, म्हैस, कुत्रा यांना आवळा-पेरू खायला लागत नाही, त्यांचं शरीर सी स्वतः करतं. लोरिसही करतो. माकड, वांदर, चिंपांझी आणि आपण, आपल्या सगळ्यांच्यात ते तयार करणारा जीन मोडलेला पडलाय, आणि मोडतोडीच्या खुणाही मिळत्याजुळत्या. फळं खाऊन भागत होतं म्हणून मोडका जीन तसाच चालून गेला. एकाच मूळ प्रतीवरनं उतरवलेले पेपर.

पुढच्या गाठी पटापट मारा. पावणेदोन मीटरवर गिबन, १ मीटर ४० ला ओरांगउटान, ९० सेंटिमीटरच्या आसपास गोरिला, ६० ते ७० च्या मध्ये चिंपांझी. आकडे थोडे इकडंतिकडं होतात, म्हणून गाठ अशी मारा की सरकवता येईल.

सरकवायची गाठ का, त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नका, मला तर हीच सगळ्यात भारी वाटते. १९३२ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुइस हिमाचलात, शिवालिकच्या टेकड्यांत हरितल्यांगर गावाजवळ हिंडत होता, त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. नाव ठेवलं रामपिथेकस. जबड्याचा आकार माणसासारखा वाटला, आणि १९६० च्या दशकात हाच माणसाचा सगळ्यात जुना पूर्वज म्हणून जगभर मान्य झाला, १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी आपण वेगळे झालो असं ठरलं. माझ्या वडिलांनी शाळेत हेच घोकलेलं, अजून म्हणतात, "आमच्या वेळी रामपिथेकस होता."

मग १९६७ मध्ये व्हिन्सेंट सारिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी हाडं बाजूला ठेवून रक्तातली प्रथिनं तपासली. त्यांचं म्हणणं, माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन फक्त ५० लाख वर्षं झालीत. हाडवाले चिडले, असं कसं होईल म्हणाले. भांडण दहा-पंधरा वर्षं चाललं. १९८० च्या सुमाराला पाकिस्तानच्या पोठोहार पठारावर शिवापिथेकस नावाच्या दुसऱ्या एका जुन्या बिनशेपट्याचा जवळजवळ अख्खा चेहरा सापडला आणि तो बघितला तर सरळ ओरांगउटानचा भाऊ. रामपिथेकस म्हणजे शिवापिथेकसच निघाला, वेगळा कोणी नव्हताच. ज्यांनी त्याला माणसाचा पूर्वज म्हटलेलं त्यांच्यातल्याच डेव्हिड पिलबीम यांनी चूक कबूल केली.

दोरीवर हे करून दाखवायचं. आधी रामपिथेकसचा चिमटा मुख्य दोरीवर, एक मीटर वीसच्या आसपास लावा, पोरांना वहीत लिहू द्या. मग गोष्ट सांगा, चिमटा काढा, आणि शेजारच्या ओरांगउटानच्या सुतळीवर लावा. पोरांना खोडरबर द्या. पुस्तकात छापलेलं पण खोडावं लागतं हे त्यांनी हातानं करून बघितलेलं असलं की ते विसरत नाहीत. त्या बाजूला अजून एक चिमटा वाढवता येईल, जम्मूच्या रामनगरजवळ मिळालेल्या एका दाढेचा, २०२० मध्ये तिला कपी रामनगरेन्सिस नाव दिलं, १ कोटी ३० लाख वर्षांच्या आसपास, गिबनच्या कुळातली असावी असं म्हणतात. एका दाढेवर.

आता टोकाकडं या, सगळी पोरं इथं गोळा होतात. चिंपांझीची गाठ बघून एक प्रश्न टाका: चिंपांझीचा जवळचा भाऊबंद कोण, गोरिला की माणूस? दहातली आठ पोरं गोरिला म्हणणार, काळा, केसाळ म्हणून. दोरी बघा म्हणावं. गोरिलाची गाठ ९० ला, आपली आणि चिंपांझीची ६५ ला. चिंपांझीला आपण जास्त जवळचे. २००५ मध्ये दोघांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, शेजारी ठेवून बघितले तर जुळणाऱ्या भागात शंभरातली साधारण सव्वा अक्षरं वेगळी निघाली. क्रोमोसोम, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, त्यांचे ४८, आपले ४६, कारण आपल्या वाटेवर दोन जोडले जाऊन एक झाला, दुसऱ्या नंबरच्या क्रोमोसोमवर सांधा अजून दिसतो.

६५ सेंटिमीटरच्या अलीकडं सगळे आपले घरचे. ३६ वर टांझानियाचं लायटोली, ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेले पाय, ३६ लाख वर्षांपूर्वी, दोन पायांवर चालत गेलेले कोणीतरी. नुकत्याच घातलेल्या कोब्यावर पोरगं पाय देऊन जातं आणि जन्मभर ठसा राहतो, अगदी तसं. ३२ वर ल्यूसी, इथिओपियातली, १९७४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड जोहान्सन यांना सापडली, साडेतीन फूट उंच, मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा, पण चालायची आपल्यासारखी. म्हणजे आधी पाय सुधारले, डोकं मागनं. १९ वर होमो इरेक्टस, माणसाची एक जुनी जात.

आणि १२ वर थोडा वेळ थांबा, कारण हे कर्नाटकातलं आहे. यादगीर जिल्ह्यात हुणसगी खोऱ्यात इसामपूर गाव, तिथं दगडी कुऱ्हाडी करायचा कारखानाच म्हणावा असा पसारा मिळाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी खणलेला, वय साधारण १२ लाख वर्षं. आपल्या जवळचं पाहिजे तर मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठी अशी हत्यारं रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या साहेबानं दीडशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवलीत. माणसाचं हाड मात्र एवढं जुनं भारतात फारसं मिळत नाही, नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली कवटी तेवढी प्रसिद्ध. नदीकाठी सहलीला गेलात आणि कडा फोडलेला, हातात बरोबर बसणारा दगड दिसला तर फोटो काढा, दगड तिथंच ठेवा.

शेवटच्या दहा सेंटिमीटरात दोरीचा पीळ सोडून धागे मोकळे करा. एकाच वेळी माणसांच्या अनेक जाती होत्या, निअँडरथल होते, इतर होते, त्यांची आपल्यात सरमिसळही झाली, आफ्रिकेबाहेरच्या लोकांत निअँडरथलचा एक-दोन टक्के डीएनए आजही आहे, हे शोधणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. म्हणून धागे सोडायचे आणि दोन-तीन परत एकमेकांत गुंतवायचे. ३ सेंटिमीटरवर आपण, होमो सेपियन्स, मोरोक्कोतल्या जबेल इरहूदचे ३ लाख वर्षांपूर्वीचे. शेतीचा आरंभ टोकापासून एक मिलिमीटर. बेळगावचा किल्ला १२०४ सालचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. आणि १९५६ पासनं चालू असलेला सीमाप्रश्न बघायला पोरं खाली वाकून डोळे बारीक करतात, तो मिलिमीटरच्या हजार भागांतले सात भाग एवढाच आहे, भिंग आणलं तरी दिसत नाही.

घरी गेल्यावर पोरं हे सगळं सांगणार, मग आज्या येतात. "मारुतीरायाचं काय ओ मग?" वाद घालायचा नाही. मी म्हणतो, आज्जी, मारुतीराया देवळात आहे तिथंच आहे, मी हाडांचं आणि दगडांचं सांगालोय. एका आज्जीनं सगळी दोरी शांतपणे बघून घेतली, तिसऱ्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे वांदरं आमची भाऊबंद? तरीच कौलं फोडत्यात."

दोरी गुंडाळताना दगडाच्या टोकाकडनं सुरू करा, म्हणजे आजचं टोक वर राहतं. उलटं गुंडाळलं तर बारीक खुणा आत दबून पुसतात आणि सुतळ्यांचा असा गुंता होतो की पुढच्या वर्षी अर्धा दिवस तो सोडवण्यात जातो. चिमटे मात्र मोजून घ्या, आमच्या घरात दरवर्षी दोन कमी येतात आणि बोलणी मला खावी लागतात.